बोलके रस्ते, मुके रस्ते

लाँग ड्राइव्हचा विषय निघाला की आयटीतल्या माणसाला जरा जास्तच चेव येतो. आठवडाभर खुर्चीत बसून असलेला माणूस शुक्रवारी संध्याकाळी एकदम रस्त्यांचा तज्ज्ञ होतो. कुणी म्हणतं पुणे-बंगलोरला तोड नाही, कुणी समृद्धीचे गोडवे गातं, कुणी मुंबई-गोव्याला दोन शिव्या हासडून मोकळं होतं. पण माप सगळ्यांचं एकच. किती तासांत पोचलो?

माझं माप वेगळं आहे. माझं गाव ब्राह्मणपुरी. नंदुरबार जिल्हा, शहादा तालुका. शहाद्याहून खेतियाकडे निघालं की मध्य प्रदेशची हद्द लागायच्या आधी येतं. पुण्याहून तिथे जायचं म्हणजे दिवस मोडतो, आणि वाटेत महाराष्ट्रात जितक्या जातीचे रस्ते असतात तेवढे सगळे भेटतात. चौपदरी, दुपदरी, घाट, गावातून जाणारे, उसाच्या शेतातून जाणारे. त्यामुळे मत बनवायला वेळ भरपूर मिळतो. (चाकणमध्ये तर जरा जास्तच मिळतो :) )

तर माझं माप असं: पुढे काय आहे हे जो रस्ता आधी सांगतो, तो माझा आवडता. जो सांगत नाही, तो नावडता. खड्डे, टोल, वेग, चहा कुठे चांगला मिळतो, या सगळ्या गोष्टी त्याच्यानंतर.

हे माप धंद्यातून आलंय हे उघड आहे. आमच्याकडे प्रोग्रॅम बंद पडणं हा काही फार मोठा गुन्हा नाही. सगळेच पडतात. एरर मेसेज देऊन पडलेला प्रोग्रॅम अर्ध्या तासात उभा करता येतो. खरा घातक कोणता, तर जो आतून मोडलाय पण वरून सगळं छान चाललंय असं दाखवत राहतो. तो तीन महिन्यांनी सापडतो, आणि तोवर व्हायचं ते नुकसान होऊन गेलेलं असतं. रस्त्याचं तसंच आहे. खड्डा आहे हे माहीत असेल तर माणूस गाडी हळू करतो. मारतो तो न सांगितलेला खड्डा.

तसं बघायला गेलं तर आपल्याकडे रस्त्यांना बोलायला शिकवलेलं होतं. साधा मैलाचा दगड घ्या. डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग. हिरवं असेल तर राज्य महामार्ग. जिल्ह्याच्या रस्त्याला काळं किंवा निळं, आणि ग्रामसडक योजनेतल्या रस्त्याला नारिंगी. गाडीतून उतरायला नको, कुणाला विचारायला नको. पिवळ्याचा हिरवा झाला की समजायचं, आता गाय आडवी येणार, बैलगाडी येणार, वेग कमी करा. एका दगडात केवढा निरोप! आणि खर्च किती, तर एक डबा रंग.

आता आवडते रस्ते.

पहिला नंबर अर्थातच आग्रा रोड, त्यातही नाशिक ते धुळे. याचा जुना नंबर तीन. २०१० मध्ये देशभरातल्या महामार्गांचे नंबर बदलले, तेव्हा नाशिक-धुळे साठ झाला आणि धुळ्याच्या पुढे इंदूरकडे बावन्न. सुरत-नागपूरचा सहा नंबर त्रेपन्न झाला. बदलामागचं कारण समजतं. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या मुख्य रस्त्यांना सम आकडे, पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम. कागदावर एकदम व्यवस्थित काम. पण चांदवडच्या ढाब्यावर 'साठ नंबर कुठे?' असं विचारून बघा. लोक अजून आग्रा रोडच म्हणतात, कारण नंबर पाटीवर असतो आणि नाव तोंडात. नावं बदलायची हौस आमच्या क्षेत्रातही आहे, तिचे परिणाम आम्हीही भोगतोच. असो.

आग्रा रोड मला का आवडतो? कारण तो पूर्ण वेळ बोलत असतो. पिंपळगाव बसवंतला कांद्याचे ट्रॅक्टर आणि द्राक्षाच्या बागा. मग चांदवड, डोंगराच्या पोटात रेणुकामातेचं देऊळ. तिथून पुढे राहुड घाट. मालेगाव. मग झोडगे, तिथलं जुनं दगडी महादेवाचं मंदिर. आणि शेवटी लळिंगचा किल्ला. किल्ला दिसला की धुळे आलंच. मोबाईल बंद करा, घड्याळ काढून ठेवा, तरी आपण कुठे आहोत ते कळत राहतं. मध्ये दुभाजक आहे, घाट कुठे सुरू होतो ते कळतं, थांबायला जागा आहेत, आणि थांबलेल्या माणसाला हटकून दुसरा थांबलेला माणूस भेटतो, तो पुढची खबर देतो.

हा रस्ता काही साधुसंत नाही, हेही सांगायला हवं. धुळ्याच्या पुढे शिरपूर, आणि शिरपूरच्या पुढे हद्दीजवळ पळासनेर. तिथे ४ जुलै २०२३ ला उतारावरून आलेला एक कंटेनर ब्रेक फेल होऊन गाड्यांना ठोकत थेट रस्त्याकाठच्या हॉटेलात घुसला. किमान दहा माणसं गेली. त्यात बसची वाट बघत उभी असलेली माणसं होती. घाट उतरल्यावर संपला असं गाडीतल्या माणसाला वाटतं, पण जड वाहनाच्या ब्रेकच्या हिशोबात तो संपलेला नसतो. ते त्या ड्रायव्हरला आणि त्या हॉटेलवाल्याला कुणी तरी सांगायला हवं.

दुसरा नंबर कुणाच्याही यादीत नसलेल्या रस्त्याला. सोनगीर ते शहादा. आग्रा रोडवर धुळ्याच्या पुढे सोनगीर, तांब्यापितळेच्या भांड्यांचं गाव. तिथून डावीकडे वळलं की चिमठाणे, दोंडाईचा, सारंगखेडा आणि शहादा. साधा रस्ता आहे, कौतुक करावं असं बांधकाम नाही. पण याला गोष्टी आहेत. १९४४ च्या एप्रिलमध्ये धुळ्याहून नंदुरबारला निघालेला इंग्रज सरकारचा खजिना क्रांतिकारकांनी याच बाजूला चिमठाण्याजवळ लुटला होता. साताऱ्याकडचे आणि खानदेशातले लोक एकत्र येऊन. रक्कम साडेपाच लाखांच्या आसपास, त्या काळातले! पुढे तापीकाठी सारंगखेडा. दत्तजयंतीला तिथे घोड्यांचा बाजार भरतो आणि रस्त्यावर गाड्यांपेक्षा घोडे जास्त देखणे असतात. हिवाळ्यात या सगळ्या पट्ट्यात मिरची वाळत घातलेली दिसते. लांबून लाल जमीन दिसली आणि काच खाली केल्यावर शिंक आली, की समजायचं नंदुरबार जिल्हा आला. याहून चांगली 'स्वागत' पाटी कोणती असणार?

आता न आवडणारे.

समृद्धी महामार्ग. हे वाचून बऱ्याच जणांच्या भुवया वर जातील. रस्ता म्हणून तो जबरदस्त आहे, यात वाद नाही. नागपूर ते ठाणे जिल्ह्यातलं आमणे, ७०१ किलोमीटर. नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, आणि शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा ५ जून २०२५ ला. विदर्भातल्या माणसाला याने काय दिलं ते विदर्भातल्याच माणसाला विचारा, मी पुण्यात बसून नाक मुरडण्यात अर्थ नाही. पण तासन् तास चालवायला मला तो आवडत नाही, कारण तो गप्प आहे. गाव नाही, टपरी नाही, वळण नाही, समोरून येणारं कुणी नाही. एकशेवीसने जाणाऱ्या माणसाला तो तास-दोन तास काहीच सांगत नाही, आणि ज्याला काही सांगितलं जात नाही त्याला झोप येते. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ खासगी बस दुभाजकावर जाऊन उलटली आणि पेटली. पंचवीस लोक गेले. त्या एका अपघाताचं कारण मी इथे बसून ठरवणार नाही, ते काम चौकशीचं. पण सरळ रस्ता म्हणजे सुरक्षित रस्ता हे गणित तेवढं सरळ नाही, एवढं नक्की.

तरीही सगळ्यात नावडता तो नाही. तो मान मुंबई-गोव्याचा. पूर्वीचा सतरा, आताचा सहासष्ट. निसर्ग वगैरे सगळं मान्य. पण चौपदरीकरणाचं काम २०११ मध्ये सुरू झालं, आणि त्यानंतर डझनभर गणपती डायव्हर्जनमधून कोकणात गेले. माझा राग खड्ड्यांवर नाही. दर थोड्या अंतराने रस्त्याचा स्वभाव बदलतो आणि बदलण्याआधी तो खाकरतही नाही, यावर आहे. चौपदरी काँक्रीट एकदम संपतं आणि मातीचं वळण. अर्धवट पुलासमोर चार ड्रम, त्यातला एक आडवा. रात्र आणि पाऊस असेल तर बघायलाच नको. सलग वाईट रस्ता परवडला, त्यात माणूस सलग सावध तरी असतो. पाच किलोमीटर उत्तम आणि मग अचानक काहीच नाही, हे जास्त वाईट.

आणि २ ऑगस्ट २०१६ ची रात्र. महाडजवळ सावित्री नदीवरचा इंग्रजांच्या काळातला दगडी पूल पुरात वाहून गेला. दोन एसटी आणि एक प्रवासी गाडी अंधारात सरळ नदीत गेल्या. चाळीसच्या आसपास माणसं. पुढे नवा पूल विक्रमी वेळात बांधला, १६५ दिवसांत, आणि जून २०१७ मध्ये तो सुरूही झाला. त्याचं कौतुक झालं, व्हायलाच हवं. पण मला आजही त्या रात्रीतली एकच गोष्ट छळते. पूल पडल्यावर रस्त्याने कुणालाच सांगितलं नाही. पहिली गाडी गेली त्याची खबर दुसरीला नाही, दुसरीची तिसरीला नाही. शेवटी गाड्या थांबवल्या त्या आसपासच्या माणसांनी. सर्व्हर पडला तर रात्री तीनला माझा फोन वाजतो, मला झोपेतून उठवायला चार यंत्रणा आहेत. तिथे फक्त कुणाची तरी वेबसाईट बंद असते.

हे सगळं कोकणातलं, आपल्याला काय, असं खानदेशातल्या माणसाला म्हणता येणार नाही. आमच्याकडे शहाद्याला जायचं तर तापी ओलांडावीच लागते. दक्षिणेकडून येणारे आम्ही तीन जागा वापरतो. आग्रा रोडने शिरपूरच्या अलीकडे सावळदे. दोंडाईच्याहून सारंगखेडा. आणि साक्री-नंदुरबारवरून आलात तर प्रकाशा, म्हणजे आमची दक्षिण काशी. कोणता पूल धरायचा हे नदीवर पोचल्यावर ठरवता येत नाही, ते खूप आधी ठरतं. प्रकाशाला जायचं तर धुळ्यातच साक्रीकडे वळावं लागतं. सारंगखेड्याला जायचं तर सोनगीरला. ते फाटे गेले की पुढचा तासभर तुम्ही त्या पुलाच्या नावाने लिहून दिलेले असता.

सप्टेंबर २०२३ मध्ये तापीला पूर आला, सारंगखेड्याच्या पुलालगतचा रस्ता खचला आणि वाहतूक बंद झाली. पूर कुणाच्या हातात नाही. माझा प्रश्न एवढाच आहे: अशा वेळी 'पुढे पूल बंद' ही पाटी कुठे लागायला हवी? पुलाजवळ लावलेली पाटी म्हणजे पाटी नव्हे, तो पंचनामा. ती सोनगीर फाट्यावर हवी, धुळ्याच्या चौफुलीवर हवी, जिथे माणसाच्या हातात अजून काही निवड असते. ट्रिपला निघालेल्याचं काय, तासभर जास्त लागेल, तो व्हॉट्सअॅपवर चार ओळी लिहील. पण शहाद्याहून धुळ्याला पेशंट घेऊन निघालेल्या गाडीला तो तास कुठून आणायचा?

दुसरं उदाहरण रोजचं. शहादा भाग म्हणजे ऊस, केळी, पपई. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की रात्री रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला, आणि मागे ना दिवा ना चकाकणारी पट्टी. समोरून येणाऱ्या गाडीचा प्रखर दिवा डोळ्यांत, आणि त्यातून डोळे सावरेपर्यंत ट्रॉली बोनेटवर. मोटरसायकलवाल्याला तर ती दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो. दर हंगामात अशी बातमी वाचायची आणि मृताचं गाव आपल्याला माहीत असायचं, याची आमच्याकडे सवय झाली आहे. ट्रॅक्टरवाल्याला शिव्या देऊन उपयोग नाही. तो रात्रभर फेऱ्या मारणारा माणूस, त्यालाही घरी जायचंय. लाल पट्टीची किंमत एका ट्रॉलीतल्या उसाच्या किमतीपुढे नगण्य आहे. काट्यावर वजन करताना ट्रॉलीच्या मागे पट्टी आहे की नाही हे बघणं अवघड नाही.

तसंच स्पीडब्रेकरचं. शहरातून आलेले लोक गावोगावच्या स्पीडब्रेकरला वैतागतात. पण बहुतेक गावांत तो का आला ते विचारून बघा. शाळेतून येणारं एखादं पोर गेलेलं असतं, त्यानंतर लोक रस्त्यावर बसलेले असतात, मग तो होतो. स्पीडब्रेकर म्हणजे गावाने रस्त्याला बोलायला लावणं. फक्त त्यावर पांढरे पट्टे मारले नाहीत, की तोच दुसऱ्या कुणाला तरी पाडतो.

आता इथे कुणी म्हणेल, अरे पण गूगल मॅप आहे ना! सगळं सांगतो. हे मला पटत नाही, आणि त्याचं कारण तांत्रिक आहे. मॅपला रस्ता दिसत नाही, त्याला मुख्यतः रस्त्यावरचे फोन दिसतात. फोन हळू सरकायला लागले की तो लाल रेघ दाखवतो. रात्री दोनला ज्या रस्त्यावर वाहतूकच नाही, तिथे पूल गेला काय आणि राहिला काय, कुणीतरी कळवेपर्यंत रेघ मोकळीच. म्हणजे तो सांगतो, पण आधी कुणीतरी अडकल्यावर. शिवाय सातपुड्यात वर गेलात की रेंज जाते, आणि नेमकी तिथेच गरज असते.

सातपुड्याचं नाव निघालंच आहे तर एक गोष्ट सांगायलाच हवी, जरी तिथे हायवे नाही तरी. तळोद्याकडून धडगावला जाताना चांदसैली घाट लागतो. सप्टेंबर २०२१ मध्ये तिथे दरड कोसळून रस्ता बंद झाला. एका माणसाची बायको आजारी होती. गाडी जाणं शक्य नव्हतं, म्हणून तिला खांद्यावर घेऊन तो चालत निघाला. ती वाटेतच गेली. पेपरात आलं, टीव्हीवर आलं, चार दिवस चर्चा झाली. इथे माझं बोलक्या रस्त्याचं तत्त्वज्ञान तोकडं पडतं हे मला कळतं. त्याला पाटी लावून काही उपयोग नव्हता, त्याला रस्ता हवा होता. पण आपल्या 'टॉप टेन हायवे'च्या याद्या ज्या मापाने बनतात त्यात हा घाट कधीच येणार नाही, चांगल्यात नाही आणि वाईटातही नाही, कारण तिथून आपण 'ट्रिप'ला जात नाही. सलग सातशे किलोमीटर एकशेवीसने जाता येणं ही मोठी गोष्ट आहे. पण त्याच राज्यात एका दरडीने एखादी बाई दवाखान्यापर्यंत पोचू शकत नसेल, तर रस्त्यांची सरासरी काढून खूश होण्यात अर्थ नाही. आमच्याकडे म्हणतात, सरासरी बघू नका, सगळ्यात वाईट केस बघा. तेच इथे.

मग करायचं काय? मोठे प्रकल्प मोठ्या लोकांनी करावेत. माझी मागणी स्वस्तातली आहे.

(१) पूल किंवा घाट बंद असेल तर त्याची पाटी शेवटच्या फाट्यावर लावा, जिथून दुसरा रस्ता धरता येतो. पुलाच्या तोंडावर नको.

(२) मोठ्या नदीवरच्या पुलाला पाण्याची पातळी मोजणारं यंत्र आणि दोन्ही टोकांना लाल दिवा. आगगाडीला सिग्नल आहे, मग एसटीला का नको?

(३) उसाची एकही ट्रॉली मागे पट्टी नसताना काट्यावर चढता कामा नये.

(४) स्पीडब्रेकरला रंग, वळणाला बाण, आणि दुपदरी रस्त्याच्या मध्यभागी चकाकणारे खडे.

यातल्या शेवटच्या खड्यांची गोष्ट छान आहे. इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या पर्सी शॉ नावाच्या रस्तेदुरुस्ती करणाऱ्या माणसाने १९३४ मध्ये त्यांचं पेटंट घेतलं. नाव 'कॅट्स आय', मांजराचा डोळा. वीज नाही, तार नाही. गाडीचाच उजेड गाडीला परत देतो आणि सांगतो, बाबा रे, रस्ता इकडे वळतोय. नव्वद वर्षं झाली या गोष्टीला. आपल्या चौपदरी रस्त्यांवर ते असतात. पण जिथे समोरून गाडी येते, मध्ये दुभाजक नाही आणि कडेला उसाचं शेत आहे, अशा दुपदरी रस्त्यावर त्यांची गरज जास्त आणि ते दिसतात कमी.

तोवर बोलायचं काम माणसंच करतायत. निघायच्या आधी घरी फोन केला की पहिला प्रश्न 'रस्ता कसा शे?' आणि पलीकडून दोन मिनिटं बुलेटिन: कोणत्या गावात काम चाललंय, कुठे पाणी साचलंय, कुठला पूल चालू आहे. समोरून येणारा ट्रकवाला दिवे उघडझाप करून पुढचा अपघात कळवतो. आणि रस्त्यात ट्रक बंद पडला की क्लीनर पहिल्यांदा काय करतो? जवळच्या बाभळीची फांदी तोडून पन्नास पावलं मागे रस्त्यावर टाकतो. स्टेपनीला हात नंतर. मागच्याला आधी कळलं पाहिजे, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही.

रस्ते बांधणाऱ्यांनी निदान त्या क्लीनरएवढं तरी करावं.